हम्बोल्ट आणि विजेचे मासे

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळून वाहणारा थंड पाण्याचा 'हम्बोल्ट प्रवाह' शालेय भूगोलाच्या पुस्तकातून आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हे भूगोल, वनस्पतिशास्त्र, हवामानशास्त्र अशा अनेक शास्त्रांचा पाया घालणारे जर्मन संशोधक होते. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात त्यांच्याइतकी कीर्ती फार थोड्यांच्या वाट्याला आली. मात्र पर्वत, वनस्पती आणि समुद्रप्रवाह यांच्याकडे वळण्यापूर्वी या माणसाने तारुण्याची उमेदीची वर्षे एका वेगळ्याच प्रश्नामागे घालवली होती. प्राण्यांच्या शरीरात वीज असते काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी स्वतःचे शरीर पणाला लावले आणि व्हेनेझुएलातील एका तळ्याच्या काठी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे अनेकांनी त्या वर्णनाकडे प्रवाशाची अतिशयोक्ती म्हणून पाहिले. त्याला प्रयोगशाळेतून पुष्टी मिळण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले.

हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये एका सधन घराण्यात झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते. अलेक्झांडर नऊ वर्षांचे असतानाच ते निवर्तले. आईचा स्वभाव शिस्तप्रिय आणि काहीसा कोरडा. पुढे भाषाशास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी म्हणून गाजलेले विल्हेल्म हे त्यांचे दोन वर्षांनी मोठे बंधू. बर्लिनजवळच्या टेगेल येथील वाड्यात खासगी शिक्षकांच्या देखरेखीखाली दोघे वाढले. धाकट्याचे लक्ष पुस्तकांपेक्षा फुले, किडे आणि दगड गोळा करण्यातच अधिक. गॉटिंगेन विद्यापीठात काही काळ शिकून त्यांनी १७९१ मध्ये फ्रायबर्ग येथील प्रसिद्ध खाणविद्या अकादमीत प्रवेश घेतला आणि पुढच्याच वर्षी प्रशियाच्या खाण खात्यात नोकरी पत्करली. खाणकामगारांसाठी विषारी वायूत उपयोगी पडणारे दिवे आणि श्वसनयंत्र त्यांनी तयार केले. कामगारांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या पैशाने शाळा काढली. दिवसा खाणीत आणि रात्री प्रयोगांच्या टेबलापाशी, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी साऱ्या युरोपात एका वादाने खळबळ उडवली होती. बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये प्रबंध प्रसिद्ध करून, मेलेल्या बेडकाच्या पायाची मज्जा आणि स्नायू धातूच्या तारेने जोडले की पाय आखडतो, हे दाखवले होते. प्राण्याच्या शरीरातच वीज साठलेली असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाविया विद्यापीठातील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी तो खोडून काढला. वीज बेडकात नसून दोन भिन्न धातूंच्या संयोगातून निर्माण होते आणि बेडूक ती केवळ दर्शवतो, असे त्यांचे म्हणणे होते. हम्बोल्ट यांनी या वादात उडी घेतली ती तब्बल चार हजारांच्या आसपास प्रयोग करूनच. बेडूक, सरडे, मासे, उंदीर यांच्यावर प्रयोग करून त्यांचे समाधान झाले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचे शरीर वापरले. पाठीवर औषधाने फोड उठवून घेतले, ते फोडले आणि उघड्या जखमेवर जस्त व चांदीचे तुकडे ठेवून वेदना कशी उठते, कुठपर्यंत पसरते, याच्या नोंदी केल्या. हे सर्व प्रयोग त्यांनी १७९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सजीवाच्या मज्जा आणि स्नायू यांत स्वतःची अशी काही शक्ती असली पाहिजे, या गॅल्व्हानींच्या बाजूला त्यांचा कल होता. पण निर्णायक पुरावा हाती येत नव्हता.

तो पुरावा माशांकडे असण्याची शक्यता होती. भूमध्य समुद्रात टॉर्पेडो नावाचा, आपल्याकडच्या पाकटासारखा चपटा मासा सापडतो. त्याला हात लावला की हात बधिर होतो, हे ग्रीक आणि रोमन लोकांनाही ठाऊक होते. हा परिणाम विजेचाच आहे, असे इंग्रज संशोधक जॉन वॉल्श यांनी १७७२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर केलेल्या प्रयोगांतून दाखवले. शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी या माशाचे विच्छेदन केले, तेव्हा त्याच्या प्रत्येक विद्युत अवयवात एकावर एक रचलेल्या पातळ चकत्यांचे सुमारे ४७० स्तंभ आढळले. पुढे १७७६ मध्ये वॉल्श यांनी दक्षिण अमेरिकेतून लंडनला आणलेल्या विद्युत ईलपासून ठिणगीही मिळवून दाखवली. म्हणजे एखादा जीव तरी निःसंशय वीज तयार करत होता. धातूंचा लवलेशही नसलेल्या शरीरात ती कशी तयार होते, हे कळले असते तर सारा वादच मिटला असता. त्यामुळे विद्युत ईलच्या मायदेशी जाऊन जिवंत माशांवर प्रयोग करण्याचे हम्बोल्ट यांच्या मनाने घेतले.

ही संधी त्यांना आईच्या निधनानंतर मिळाली. १७९६ च्या अखेरीस ती वारली आणि मोठी संपत्ती त्यांच्या हाती आली. त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पॅरिसमध्ये त्यांची भेट एमे बाँप्लां या तरुण फ्रेंच वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाशी झाली. एका फ्रेंच सागरी मोहिमेत जाण्याचा बेत लांबणीवर पडल्यावर दोघे स्पेनला गेले. अमेरिकेतील स्पॅनिश वसाहती परकीयांना जवळजवळ बंद होत्या. तरीही राजा चौथा कार्लोस याने त्यांना मुक्त संचाराचा परवाना दिला. ५ जून १७९९ रोजी 'पिझारो' जहाजातून ते निघाले. दुर्बिणी, वायुभारमापक, तापमापक, होकायंत्रे, विद्युतदर्शक अशी चाळीसहून अधिक उपकरणे बरोबर होती. जे दिसेल ते मोजायचे, हा हम्बोल्ट यांचा खाक्या होता. १६ जुलै रोजी आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना बंदरावर त्यांनी पाय ठेवला.

कुमाना आणि काराकास येथे काही महिने काढून फेब्रुवारी १८०० मध्ये ते दक्षिणेकडे ओरिनोको नदीच्या दिशेने निघाले. वाटेत 'यानोस' हा अफाट गवताळ प्रदेश लागतो. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत केवळ थोडी डबकी उरतात. मार्चमध्ये ते कालाबोसो या गावी पोहोचले. तेथे कार्लोस देल पोसो नावाच्या गृहस्थाने केवळ पुस्तके वाचून, बेंजामिन फ्रँकलिन यांचे लिखाण समोर ठेवून, स्वतःच्या हाताने विजेची यंत्रे तयार केली होती. युरोपपासून इतक्या दूर, कोणाचेही मार्गदर्शन नसताना चाललेला हा उद्योग पाहून हम्बोल्ट थक्क झाले. त्यांनी देल पोसो यांना बेडकाच्या पायाचा प्रयोग करून दाखवला.

परिसरातील डबक्यांत विद्युत ईल विपुल होत्या. स्थानिक लोक त्यांना 'तेम्ब्लादोर', म्हणजे थरकाप आणणारे, म्हणत. नाव ईल असले तरी हा मासा खऱ्या ईलच्या, म्हणजे आपल्याकडच्या वाम माशाच्या कुळातला नाही. वामसारखे लांबट शरीर सोडले तर त्याचे जवळचे नाते आहे ते शिंगाळ्याच्या वर्गातील माशांशी. दीड-दोन मीटर लांबीचा हा जीव चिखलात दडून बसतो आणि ठरावीक वेळाने श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येतो. पैसे देऊ केले तरी कोणी त्याला पकडायला धजेना. बरेच दिवस वाट पाहून एकच मासा मिळाला, तोही अशक्त. अखेर स्थानिक आदिवासींनी घोड्यांच्या साहाय्याने मासे धरून देण्याची तयारी दाखवली.

१९ मार्च १८०० रोजी पहाटे हम्बोल्ट आणि बाँप्लां कालाबोसोजवळच्या एका डबक्यावर गेले. आदिवासींनी माळावरची सुमारे तीस रानटी घोडी आणि खेचरे हाकत आणली आणि पाण्यात घातली. टापांच्या खळबळाटाने चिखलातले मासे वर आले. पिवळट हिरव्या रंगाच्या त्या लांबलचक ईल पाण्याच्या पृष्ठभागावर आल्या आणि घोड्यांच्या पोटाखाली अंग घासत एकामागून एक धक्के देऊ लागल्या. काठावर आणि झाडांच्या फांद्यांवर बसलेले आदिवासी लांब काठ्या व आरोळ्यांनी घोड्यांना बाहेर येऊ देत नव्हते. घोड्यांच्या आयाळी ताठ झाल्या, डोळ्यांत भीती उतरली. काही कसेबसे काठावर येऊन वाळूत कोसळले. पहिल्या पाच मिनिटांतच दोन घोडे बुडून मेले. विजेने ते थेट मेले नसावेत, तर बधिर होऊन पडल्यावर बाकीच्यांच्या गर्दीत त्यांना उठता आले नसावे, अशी नोंद हम्बोल्ट यांनी केली. सारे घोडे मरणार अशी भीती त्यांना वाटू लागली असतानाच माशांचा जोर ओसरला. धक्के देऊन थकलेल्या ईल काठाकडे सरकल्या आणि कोरड्या दोरीला बांधलेल्या छोट्या भाल्यांनी त्यांना ओढून घेण्यात आले. अशा पाच ईल हाती आल्या. बहुतेकींना फारशी इजा झालेली नव्हती.

त्यानंतरचे प्रयोग धोक्याचे होते. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या एका ईलवर हम्बोल्ट यांनी दोन्ही पाय ठेवले. बसलेला धक्का त्यांना युरोपातील लायडन पात्राच्या, म्हणजे वीज साठवण्याच्या काचेच्या भांड्याच्या, कोणत्याही धक्क्यापेक्षा भयंकर वाटला. दिवसभर गुडघे आणि जवळजवळ सर्व सांधे दुखत राहिले. चार तास सलग प्रयोग केल्यावर दोघांनाही दुसऱ्या दिवसापर्यंत स्नायूंत अशक्तपणा आणि अंगभर अस्वस्थता जाणवत होती.

इतके सोसूनही त्यांना हवे होते ते मिळाले नाही. विद्युतदर्शकाची पाने हलली नाहीत, ठिणगी दिसली नाही, चुंबकीय परिणाम आढळला नाही. आज याचे कारण समजते. ईलचा एक स्पंद सुमारे दोन सहस्रांश सेकंदच टिकतो, आणि त्या काळचे विद्युतदर्शक स्थिर विजेसाठी बनवलेले होते. हवेतून ठिणगी उडण्यासाठीही तारांमधील अंतर केसाएवढे ठेवावे लागते. वॉल्श यांना ते साधले होते. हम्बोल्ट यांच्यापाशी उरले ते डोळे आणि दुखणारे सांधे. पण या दोन साधनांच्या बळावर त्यांनी केलेली निरीक्षणे मोलाची होती. धक्का देणे हे ईलच्या इच्छेवर अवलंबून असते. मासा तो कोणत्या बाजूला द्यायचा हे ठरवू शकतो. दोन माणसांनी एकाच माशाला हात लावला तरी एकालाच धक्का बसू शकतो. आणि पुष्कळ धक्के दिल्यावर त्याला विश्रांती व अन्न यांची गरज भासते. मासा म्हणजे नुसते भरलेले पात्र नव्हे, तर त्याच्या विजेवर त्याच्याच मज्जासंस्थेची हुकमत आहे, असा या साऱ्याचा अर्थ होता.

योगायोग असा, की घोड्यांच्या या झुंजीच्या दुसऱ्याच दिवशी, २० मार्च १८०० रोजी, इटलीतील कोमो येथून व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली असता अखंड वीज मिळते, हा शोध त्यात होता. हीच जगातली पहिली विद्युतघटमाला. तिची रचना टॉर्पेडोच्या विद्युत अवयवाशी मिळतीजुळती असल्याचे व्होल्टा यांनीच पत्रात नमूद केले आणि तिला कृत्रिम विद्युत अवयव मानले. हम्बोल्ट यांनी पाठीवरच्या जखमेवर जे दोन धातू ठेवले होते तेच येथे एकावर एक रचले गेले होते. शोध त्यांच्या हाताशी येऊन निसटला होता. ही बातमी युरोपभर पसरली तेव्हा ते ओरिनोकोच्या अरण्यात होते.

पुढची चार वर्षे त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ओरिनोको आणि ॲमेझॉन या नद्यांची खोरी कासिकियारे या प्रवाहाने जोडलेली आहेत, याची त्यांनी प्रत्यक्ष प्रवास करून खात्री करून घेतली. २३ जून १८०२ रोजी आजच्या इक्वेडोरमधील चिम्बोराझो पर्वतावर ते सुमारे ५ हजार ९०० मीटर उंचीपर्यंत चढले. मेक्सिकोत वर्षभर राहून, अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची भेट घेऊन ऑगस्ट १८०४ मध्ये ते फ्रान्सला परतले. पण मासे त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. १८०५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांच्यासह ते इटलीत गेले आणि नेपल्स येथे त्यांनी टॉर्पेडोवर प्रयोग केले.

घोडे आणि ईल यांच्या झुंजीचे वर्णन त्यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढल्या वर्षी निसर्गदृश्यांवरील आपल्या लोकप्रिय पुस्तकात त्याचा समावेश केला. ते वाचून युरोप हरखून गेला. चित्रकारांनी पाण्यात धडपडणारे घोडे रंगवले, पाठ्यपुस्तकांनी तो प्रसंग उचलला. मात्र प्रसिद्धीबरोबर संशयही आला. चिखलात स्वस्थ बसून राहू शकणारा मासा स्वतःहून पृष्ठभागावर येऊन आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्राण्यावर चाल का करील? पळून जाणे त्याला सोपे नव्हते काय? हम्बोल्ट यांनी मोजलेल्या उंची, तापमाने, अक्षांश-रेखांश सर्वांनी विनातक्रार स्वीकारले; जे त्यांनी केवळ पाहिले होते, त्यावर मात्र प्रश्नचिन्ह उमटले.

१८२७ पर्यंत हम्बोल्ट मुख्यतः पॅरिसमध्ये राहिले. अमेरिका प्रवासाच्या ग्रंथांचे सुमारे तीस खंड प्रसिद्ध करण्यात त्यांची वडिलोपार्जित संपत्ती संपून गेली. भारतात येऊन हिमालय पाहण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. पण वसाहतींमधील गुलामगिरी आणि जुलूम यांवर परखड लिहिणाऱ्या या संशोधकाला ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. १८२९ मध्ये रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून त्यांनी सायबेरियातील अल्ताई पर्वतापर्यंत प्रवास केला, हिमालय राहिलाच. पुढे त्यांच्या शिफारशीमुळे श्लागिंटवाइट बंधूंना भारतात येण्याची संधी मिळाली आणि १८५४ मध्ये ते मुंबई बंदरात उतरले, तेव्हा हम्बोल्ट ८५ वर्षांचे होते.

दरम्यान विजेच्या माशांचे कोडे उलगडत होते. १८३८ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये एका जिवंत ईलवर प्रयोग करून ठिणगी, चुंबकीय परिणाम आणि रासायनिक विघटन, ही विजेची सर्व लक्षणे तिच्या धक्क्यात असल्याचे दाखवले. माशाची वीज आणि यंत्राची वीज एकच, हे त्यामुळे निर्विवाद ठरले. बर्लिनमध्ये एमिल द्यु ब्वा-रेमाँ या तरुण शरीरशास्त्रज्ञाने त्याहून पुढची मजल मारली. अत्यंत संवेदनशील विद्युतमापक तयार करून त्यांनी साध्या स्नायूंत आणि मज्जातंतूंतही क्षीण वीजप्रवाह असतो, हे १८४० च्या दशकात सिद्ध केले. गॅल्व्हानी अगदीच चुकले नव्हते, हे पन्नास वर्षांनी कळले. वयाची ऐंशी वर्षे गाठत आलेले हम्बोल्ट या तरुणाच्या पाठीशी उभे राहिले. ते त्याच्या प्रयोगशाळेत गेले, अंगरख्याची बाही वर सारली आणि दंडाचा स्नायू आवळून स्वतःच्याच शरीरातील विजेने मापकाचा काटा हलताना पाहिला. पाठीवर फोड उठवून ज्याचा शोध तरुणपणी घेतला होता, ते त्यांना म्हातारपणी एका काट्याच्या हालचालीत पाहायला मिळाले.

'कॉसमॉस' या विश्वाचे समग्र वर्णन करणाऱ्या ग्रंथाचा पाचवा खंड अपुरा ठेवून ६ मे १८५९ रोजी बर्लिनमध्ये हम्बोल्ट यांचे निधन झाले. त्यांच्यावर सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. राहिलेली चीजवस्तू त्यांनी आपल्या जुन्या सेवकाला देऊन टाकली होती.

त्यांच्या मृत्यूनंतर संशय अधिकच बळावला. द्यु ब्वा-रेमाँ यांच्या सांगण्यावरून कार्ल साख्स हा तरुण संशोधक १८७६ मध्ये कालाबोसोला गेला. त्याने ईलचा बारकाईने अभ्यास केला, शेपटीकडील एक विद्युत अवयव त्याच्याच नावाने ओळखला जातो. पण घोड्यांच्या साहाय्याने मासे पकडण्याची रीत त्याला तेथे पाहायला मिळाली नाही. हम्बोल्ट यांचे वर्णन काव्यमय झाले असावे, असे त्याचे मत पडले. १८७८ मध्ये आल्प्स पर्वतात झालेल्या अपघातात साख्सचा अंत झाला. घोड्यांच्या गोष्टीवरील दंतकथेचा शिक्का मात्र कायम राहिला.

ईल वीज तयार करते कशी, याचे उत्तर २०व्या शतकात मिळाले. तिच्या शरीराचा सुमारे चार पंचमांश भाग विद्युत अवयवांनी व्यापलेला असतो. हृदय, पोट, यकृत ही सारी इंद्रिये डोक्यामागच्या थोड्या जागेत दाटलेली असतात. विद्युत अवयव म्हणजे मुळात रूपांतरित स्नायू. आकुंचन पावण्याची क्षमता गमावलेल्या त्याच्या चपट्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. विश्रांत अवस्थेत प्रत्येक पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते आणि दोन्ही पृष्ठभागांवरचा विजेचा दाब समान असल्याने पेशीच्या आरपार काहीच वाहत नाही. मेंदूकडून आज्ञा येताच मज्जातंतू पेशीच्या एकाच पृष्ठभागावर ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतात. त्या बाजूची सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि तेवढ्या पृष्ठभागाचा भार उलटतो. दुसरा पृष्ठभाग तसाच राहतो. परिणामी क्षणभर एका पेशीत सुमारे ०.१५ व्होल्टचा फरक निर्माण होतो. एका पेशीची ही वीज क्षुल्लक; पण अशा चार हजार पेशी एकापुढे एक जोडल्या की ६०० व्होल्ट होतात. मेंदूपासून जवळ असो की दूर, सर्व पेशींना संदेश एकाच क्षणी मिळेल, अशी मज्जातंतूंची व्यवस्था असते. व्होल्टा यांची चळत आणि ईलचे शरीर यांतील साम्य वरवरचे नव्हते. विद्युत ईलची एकच नव्हे तर तीन जाती असल्याचे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. त्यांपैकी एकीला व्होल्टा यांचे नाव देण्यात आले. तिच्या एका माशात ८६० व्होल्टची नोंद झाली आहे.

ही वीज केवळ शस्त्र म्हणून वापरली जात नाही. साख्सच्या नावाच्या अवयवातून ईल सतत क्षीण स्पंद सोडते. ते पाण्यात पसरतात आणि आजूबाजूच्या वस्तूंमुळे त्यांत होणारे बदल तिच्या त्वचेतील संवेदी ग्रंथींना जाणवतात. गढूळ पाण्यात, अंधारात ती अशा रीतीने वाट काढते. क्षीण वीज सोडणारे इतर मासेही असेच करतात, हे हान्स लिसमान यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये दाखवले होते. शिकार दडून बसली असेल तर ईल दोन जोरदार स्पंद सोडते. त्याने लपलेल्या माशाचे स्नायू नकळत आखडतात आणि त्याची जागा उघड होते. मग सेकंदाला चारशेच्या आसपास स्पंदांचा मारा होतो आणि शिकार जागच्या जागी ताठरते.

या दुहेरी स्पंदांचे रहस्य उलगडणारे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांना प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट दिसली. धातूची कड असलेल्या जाळीने ईलला दुसऱ्या टाकीत हलवताना ती पळण्याऐवजी उसळी मारून पाण्याबाहेर येई आणि हनुवटी जाळीला टेकवून धक्के देई. कटानिया यांनी मोजमाप केले. ईल पाण्याखाली असताना तिची बरीचशी वीज आजूबाजूच्या पाण्यात विरून जाते. डोके जसजसे पाण्याच्या वर येते, तसतसा अधिकाधिक प्रवाह तिने स्पर्श केलेल्या वस्तूतून वाहतो. दिवे बसवलेले मगरीचे प्लॅस्टिकचे मुंडके पाण्यात धरले, तर ईल वर चढताच दिवे झगमगत. २०१६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत हम्बोल्ट यांच्या घोड्यांचा आवर्जून उल्लेख होता. उन्हाळ्यात डबकी आटू लागली की ईलला पळायला जागा उरत नाही. अशा वेळी पाण्यात उतरलेल्या मोठ्या प्राण्याला पिटाळून लावण्याचा हाच प्रभावी उपाय ठरतो. हम्बोल्ट यांनी ती झुंज पाहिली तो मार्च महिना म्हणजे यानोसमधील कोरडा हंगामच होता. दुसऱ्या वर्षी कटानिया यांनी लहान ईलकडून स्वतःच्या हाताला धक्के घेऊन हातातून वाहणारा प्रवाह मोजला. तो ४० ते ५० मिलिॲम्पियर भरला. हम्बोल्ट यांनी उघड्या पायांनी जे केले होते, तेच या वेळी मोजमापाच्या साधनांसह झाले.

कटानिया यांच्या प्रयोगांमुळे त्या पहाटेचा प्रत्येक तपशील सिद्ध झाला असे नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे डबके पुन्हा भरता येत नाही. पण विद्युत ईल मोठ्या प्राण्यावर स्वतःहून चाल करते, ही त्या वर्णनातली सर्वांत अविश्वसनीय वाटणारी बाब खरी ठरली. हम्बोल्ट यांच्याजवळच्या उपकरणांनी त्या दिवशी त्यांना दगा दिला होता. त्यांनी आकडे रचले नाहीत, मापक हलला नाही हे जसेच्या तसे लिहिले आणि डोळ्यांना दिसले तेही वगळले नाही. आपल्या आकलनात न बसणारी गोष्ट टाकून न देता नोंदवून ठेवायची, हा त्यांचा नेम होता. तो पाळला गेला म्हणूनच सव्वादोनशे वर्षांनंतरच्या संशोधकाला आपल्या प्रयोगाचा धागा कालाबोसोच्या त्या डबक्याशी जोडता आला.